उभ्याने प्रवास

आमच्या इमारतीतल्या एक्केचाळीस माणसांनी एका शनिवारी जलशुद्धीकरण केंद्राला शैक्षणिक भेट दिली, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. आपणहून केंद्र बघायला आलेली एवढी माणसं तिथल्या अधिकाऱ्यांनी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली. त्यांना इतकं भरून आलं, की त्यांनी आम्हाला गाळाचे तीन प्रकार दाखवले आणि चौथा नेमका त्या दिवशी नव्हता म्हणून हळहळले. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला होता म्हणून आम्ही गाळ बघायला गेलो, असं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही. तेव्हा क्रमानेच सांगतो.

बाबा बस डेपोत एकतीस वर्षं कंट्रोलर होते. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कोण चालवणार आणि उशीर झाला तर कोणाची खरडपट्टी निघणार, हे ठरवणारा माणूस. घरातही तोच कारभार. मी नळाखाली तोंड धुतोय आणि बाबा मागे घड्याळ बघत उभे, हे माझं बालपण. एका सकाळी दाढी करता करता त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्या एवढ्या मोठ्या शब्दभांडारात एकच शब्द शिल्लक राहिला होता. ‘बस.’

“शब्द आत आहेत सगळे,” डॉक्टर म्हणाले, “पण त्यांना वाट सापडत नाहीये. एखादाच सुटून येतो. आणि आलेला शब्द त्यांना हवा तोच असेल असंही नाही.” होय-नाही विचारलं तरी बाबांची मान दोन्हींकडे सारखीच हलायची. त्यामुळे त्या एका शब्दाचा अर्थ लावणं घरच्यांवर आलं, आणि घरच्यांत मी एकटाच भाषेचा माणूस होतो.

म्हणजे मी मुद्रितशोधक आहे. शाळेची पाठ्यपुस्तकं छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणं हा माझा व्यवसाय. हे काम नीट झालं तर कोणाला कळत नाही आणि चुकलं तर लाखभर मुलांना एकदम कळतं. तेव्हा आमच्याकडे पाचवीचं भाषेचं पुस्तक चालू होतं आणि वरती बसलेल्या मुख्य संपादक बाई रोज तारीख अलीकडे ओढत होत्या. घरी बायको शाळेत विज्ञान शिकवते, तिची शाळा साडेसातची. मी नवाला कामावर. मधल्या वेळात बाबांचं तोंड धुणं, औषधं, खाणं, कूस बदलणं. साडेआठला दिवसभराच्या मावशी यायच्या. आल्या नाहीत तर माझी अर्धी रजा जायची. बायकोची आणि माझी गाठ पडेना, म्हणून आमचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालला होता. ‘सातची गोळी दिली. काल बोललास ते मला लागलं. दुध संपलंय.’ अशी एक चिठ्ठी. त्यात ‘दूध’मधला दू ऱ्हस्व पडला होता, तो मी सवयीने लाल पेनने दीर्घ केला. त्यानंतर चार दिवस चिठ्ठ्याही बंद होत्या.

सकाळी साडेआठला मी बाबांना सूप भरवायचो. गळ्याशी रुमाल लावायचा, उशी उंच करायची, एका हातात वाटी, एका हातात चमचा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला बाबा माझ्याकडे बघायचे आणि ओठ कसेबसे जुळवून म्हणायचे, “बस.”

बस म्हणजे पुरे. यात भाषातज्ज्ञ लागत नाही. मी तोंड पुसायचो, वाटी ठेवायचो, “बरं बाबा, येतो” म्हणायचो आणि सुटायचो. वीस मिनिटांचं काम सहा मिनिटांत व्हायचं. त्या चौदा मिनिटांचा मला मनातून आनंद व्हायचा, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. आज लिहितोय, कारण लिहिलेलं खोडणाराही मीच आहे आणि मला ते खोडायचं नाही.

दुसऱ्या गावी राहणारी माझी ताई रोज फोनवर बाबांचा चेहरा बघायची आणि मला रागवायची. “किती वाळलेत रे! खायला घालतोस ना?”

“तेच बस म्हणतात गं. मी काय कोंबू?”

“मलाही फोनवर बसच म्हणतात. दोन मिनिटं बोललं की बस. कंटाळतात बिचारे. मग मी ठेवून देते.”

दोन महिन्यांत बाबांचं वजन सहा किलोंनी उतरलं. डॉक्टर घरी आले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, डोळ्यांत ओळख आली, आणि खूप कष्टाने ते म्हणाले, “बस... आ.”

“आ? दुखतंय कुठे?” डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. दाबल्यावर कोणीही ‘आ’ करतो, तसं बाबांनीही केलं. त्यावरून पोटाची तपासणी झाली, रक्ताच्या तीन झाल्या, भूक लागण्याचं एक हिरवं औषध सुरू झालं. सगळ्या तपासण्या उत्तम आल्या. “काही सापडत नाही,” डॉक्टर काळजीने म्हणाले. “असंच उतरत राहिलं तर मात्र अवघड आहे.” एवढं सांगून ते थांबले आणि बायकोकडे न बघता बॅग आवरू लागले. अवघड म्हणजे काय, ते आम्हाला कळलं.

याच सुमाराला आम्ही दवाखान्यात असते तशी, डोक्याकडून उचलता येणारी खाट आणली. ती कशी लावावी याबद्दल इमारतीचे सचिव येऊन मार्गदर्शन करून गेले. सचिव निवृत्त भूमापक. त्यांना कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय आणि ठराव केल्याशिवाय दिसतच नाही. त्यांनी टेप लावून सिद्ध केलं, की डावी बाजू भिंतीला लावली तरच दार उघडेल, आणि तीही खोलीतली लाकडी खुर्ची बाहेर काढली तर. खुर्ची बाल्कनीत गेली. तिच्यावर आधी टोपल्या बसल्या आणि मग शेजाऱ्यांचं मांजर.

खाट लावल्यापासून बाबांनी नवीनच काम सुरू केलं. डाव्या, म्हणजे चालत्या हाताने ते खाटेच्या कडेला थोपटायला जायचे आणि हात भिंतीवर आपटायचा. ठक ठक. मग “बस.” मावशींना वाटलं, चादर ओली आहे. त्या दिवसातून तीनदा चादर बदलू लागल्या. आमच्या घरातल्या चादरी त्या काळात जितक्या स्वच्छ होत्या तितक्या पुन्हा कधी होणार नाहीत.

एकदा सचिव खाटेची पाहणी करायला आले असताना हा प्रकार त्यांच्या डोळ्यांदेखत घडला. बाबा म्हणाले, “बस... आ.” आणि भिंतीवर ठक ठक.

सचिवांनी हातातला टेप खिशात टाकला. “लक्षात आलं का तुमच्या?”

“काय?”

“बस आली! अहो, एकतीस वर्षं डेपोत गेलेला माणूस. आणि ही दोन ठोक्यांची खूण काय? एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे सोडा गाडी. कंडक्टरची खूण आहे ही! यांना अन्न नको, औषध नको. यांना बस हवी आहे.”

खरं सांगतो, मला हसू आलं होतं. पण वरच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन जाताना दारातच थबकल्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. “जीव अडकलाय हो त्यांचा बसमध्ये. म्हणून अंगी लागत नाही. एकदा बसवून आणा.” संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला आजोबांचा जीव कुठे अडकलाय ते कळलं होतं. जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, “मग, नेलं का बसमध्ये?” बापाची एवढीशी इच्छा पुरी न करणारा मुलगा म्हणून मी ओळखला जाऊ लागलो. अर्थ चुकीचा लावल्याचा आरोप मुद्रितशोधकावर व्हावा, याहून मोठा अपमान नाही. आणि डॉक्टरांचं ‘अवघड आहे’ डोक्यात होतंच. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर अख्खी बस दिसत होती.

पहिला प्रयत्न साधा होता. एका रविवारी बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून मी थांब्यावर नेलं. पहिली बस चाळीस पावलं पुढे जाऊन थांबली. मी खुर्ची ढकलत तिथे पोचेपर्यंत ती सुटली. दुसरी बस चाळीस पावलं अलीकडे थांबली. तिसरीसाठी मी मधोमध उभा राहिलो, तर ती थांबलीच नाही. बाबा कंट्रोलर असताना या तिघांचीही धडगत नव्हती. त्यांनी डाव्या हाताच्या मनगटाकडे बघितलं, तिथे घड्याळ नव्हतं. आम्ही घरी आलो.

मग मी अर्धी रजा टाकून डेपोत गेलो. तिथले व्यवस्थापक बाबांच्या हाताखाली तयार झालेले. नाव काढताच उभे राहिले. “साहेबांसाठी गाडी? अहो, जीव देईन मी साहेबांसाठी. फक्त गाडी देता येणार नाही.”

“का?”

त्यांनी एक फॉर्म काढला. गाडी तीनच कारणांसाठी मिळते: लग्न, निवडणूक, शैक्षणिक सहल. ‘आजारी माणसाला बसवणे’ असा रकाना नाही.

“इतर असा एक रकाना असेल ना?”

“होता. साहेबांनीच बंद करायला लावला. म्हणाले, इतरमध्ये लोक काहीही लिहितात.” व्यवस्थापकांच्या आवाजात अजून आदर होता.

लग्नाला नवरा-नवरी लागतात, निवडणुकीला सरकार लागतं. राहिली सहल. सहलीला किमान चाळीस प्रवासी, शाळेचं पत्र, जबाबदार शिक्षकाची सही आणि शैक्षणिक महत्त्वाचं स्थळ. सचिवांनी त्याच संध्याकाळी सभा बोलावली. चाळीस नावं पंधरा मिनिटांत भरली. आमच्या सभेला एरवी सात माणसं येतात. बाग, बाजार, पोहण्याचा तलाव अशा सूचना आल्या. त्यात शैक्षणिक काहीच नसल्याने त्या फेटाळल्या गेल्या. पत्राचं मात्र बायकोला विचारायला माझी जीभ रेटेना. फ्रिजवर चिठ्ठी लावली. ‘शाळेचं पत्र मिळेल का? तुला त्रास देतोय हे मला कळतं.’ दुसऱ्या दिवशी उत्तर होतं: ‘पत्र आणलं. विज्ञानासाठी जलशुद्धीकरण केंद्र टाकलंय. मीपण येईन. दूध आणलं.’ यातला दू दीर्घ होता, आणि त्याच्याखाली लाल रेघ तिने स्वतःच मारली होती. मी ती चिठ्ठी अजून ठेवली आहे.

आता फक्त रजा राहिली. बाईंनी नकार दिला. “शनिवारी चारपर्यंत पाचवीचं पुस्तक छपाईला जातंय. तुम्ही घरून करा, गाडीतून करा, झाडावर बसून करा. पण फोन उचला.”

शनिवार उजाडला. दुपारी दोनला गाडी दारात आली, आणि दोन वाजून एक मिनिटाने लिफ्ट बंद पडली. सचिवांनी सहलीनिमित्त तिची आदल्याच दिवशी खास तपासणी करून घेतली होती. चाकाची खुर्ची जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी बाल्कनीतली लाकडी खुर्ची आणली, मांजराला उठवलं, बाबांना त्यात बसवून चौघांनी उचललं. तीन मजले. प्रत्येक वळणावर चौघांचे पाच सल्ले. “उजवीकडून घ्या!” “माझ्या उजवीकडून का तुमच्या?” बाबा मधोमध ताठ बसले होते आणि प्रत्येक मजल्यावर त्यांना निरोप द्यायला माणसं उभी होती. ती माणसं बसमध्येच येणार होती, पण तरी उभी होती.

गाडीत बाबांना पुढच्या बाकावर, खिडकीशी बसवलं. खिडकी उजव्या हाताला आली. डाव्या हाताची जागा मावशींसाठी राखली होती, पण मावशींना मागे वाऱ्याची खिडकी मिळाल्यावर त्या काही उठेनात. मी हातात यादी घेऊन माणसं मोजत होतो. बगलेत पाचवीच्या पुस्तकाची पानं, कानाशी फोन, फोनवर बाई.

“पान चौसष्ट. आज्ञार्थी वाक्यं. ‘इकडे ये’ यापुढे तुम्ही पूर्णविराम दिलाय. उद्गारचिन्ह का नाही?”

“बाई, आज्ञा असेल तर उद्गारचिन्ह. विनंती असेल तर पूर्णविराम. सव्वीस, सत्तावीस...”

“मग ही आज्ञा आहे का विनंती? आणि सत्तावीस काय?”

“माणसं आहेत बाई.”

कंडक्टर दारात उभा होता. उंच, झोप अपुरी झालेला माणूस. त्याला आमची कसलीच माहिती नव्हती. “बसा, बसा, सगळे बसा,” तो म्हणाला. सगळे बसले. मग तो माझ्याकडे वळला. “साहेब, सहलीच्या गाडीत उभ्याने प्रवास चालत नाही. बसून घ्या.”

“एक मिनिट.”

“बस,” बाबा म्हणाले.

सचिव बाकावरून ताडकन उठले. “ओळखली! मंडळी, आजोबांनी बस ओळखली!” गाडीत टाळ्या पडल्या. वरच्या काकूंनी पुन्हा पदर डोळ्यांना लावला. मागून कोणीतरी “आजोबांचा विजय असो” असंही म्हणालं.

बाबांनी डोळे मिटून घेतले. हे डोळे मिटणं मला लहानपणापासून ठाऊक होतं. ड्रायव्हर उशिराचं भलतंच कारण सांगू लागला की ते असेच डोळे मिटायचे. मग त्यांनी डोळे उघडून नीट माझ्याकडे बघितलं. डावा हात उचलला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर दोनदा थोपटलं. तिथे भिंत नव्हती. हात गादीवर पडला.

“बस,” ते म्हणाले.

मी यादी धरून तसाच उभा.

“अहो, तुम्हालाच सांगतायत की ते,” कंडक्टर वैतागून म्हणाला. “वडील बस म्हणतायत तर बसा ना. किती वेळा सांगायचं माणसाने?”

मी बसलो. फोनवर बाई विचारत होत्या, “अहो, आज्ञा का विनंती?” मी फोन खिशात टाकला. बाबांनी थोपटणारा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. कंडक्टरने दोन ठोके दिले. गाडी सुटली.

केंद्र येईपर्यंतच्या पस्तीस मिनिटांत मी साडेचार महिने उलगडून बघितले. ते मला बस म्हणत होते. ताईलाही बसच म्हणत होते, फोनमधल्या ताईलाही. आणि डॉक्टरांना आणि सचिवांना ‘बसा’ म्हणत होते, कारण परक्या, मानाच्या माणसाला आपण बसा म्हणतो. अर्धं तोंड गेलेला माणूस एकवचन आणि आदरार्थी बहुवचन चुकवत नव्हता. मला त्यांनी एकदाही ‘बस आ’ म्हटलं नव्हतं. हा फरक पाचवीतल्या मुलाला कळतो. पान चौसष्टवर मीच तो तपासला होता. मराठीत विश्वास बसतो, घडी बसते, धक्का बसतो, घसा बसतो, आमच्या खुर्चीवर टोपल्या आणि मांजरसुद्धा बसतं. एवढं सगळं बसतं आणि मी तेवढा उभा होतो. तिसऱ्या चमच्याला बाप मुलाला म्हणतो, बस रे जरा, आणि मुलगा तोंड पुसून निघून जातो. रोज. आणि वर बापालाच भूक नाही म्हणून हिरवं औषध देतो. मला रडू आलं. मागे सगळ्यांना वाटलं, आजोबांची इच्छा पुरी झाली म्हणून मुलाला भरून आलंय. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

केंद्रात काय बघितलं ते मी सुरुवातीलाच सांगितलंय. पाचवीचं पुस्तक दोन तास उशिरा छपाईला गेलं आणि पान चौसष्टवर ‘इकडे ये’ या वाक्यापुढे काहीच चिन्ह नाही. ती चूक माझी आहे. गुरुजींकडून पत्रं येतात. बाईंनी मला लेखी खुलासा मागितला, तो मी दिला नाही.

घरी आल्यावर मी खाट फिरवली. दार पूर्ण उघडत नाही म्हणून सचिवांनी लेखी हरकत घेतली. ती लाकडी खुर्ची बाबांच्या डाव्या हाताला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेतली आणि आधी बसलो, मग चमचा भरला. बाबांनी अख्खी वाटी संपवली. वीस मिनिटं लागली. ‘बस’ एकदाही म्हणाले नाहीत. महिनाभरात वजन दोन किलोंनी वाढलं. डॉक्टरांनी श्रेय हिरव्या औषधाला दिलं. सचिवांनी ते बसला दिलं आणि सभेत स्वतःच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. मी कोणालाच काही बोललो नाही. फक्त ताईला फोनवर सांगितलं. 

“ते मला फोनवर बस म्हणायचे रे,” ती म्हणाली, “आणि मी ठेवून द्यायचे.” दोन दिवसांनी ती आली आणि आठवडाभर त्या खुर्चीवरून उठली नाही.

यापुढे मी रोज बाबांजवळ बसलो, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. सहावीचं पुस्तक आलं. काही दिवस मी बसलो तरी मांडीवर पानं होती, आणि बाबा खिडकीकडे बघायचे, मी लाल पेनकडे. काही दिवस खुर्चीच्या अगदी कडेला बसलो, जसं स्टॉप जवळ आल्यावर माणूस बसतो. त्यांना ते कळत असणार. गाडी कधी सुटणार हे त्यांना माणसाच्या पाठीवरून कळायचं. आम्हाला एकूण अकरा आठवडे मिळाले. मी हिशेब धरला तर त्यात नीट बसलेले दिवस तीसच्या आसपास भरतील.

मग दुसरा झटका आला, आणि तो एक शब्दही गेला. बाबांना दवाखान्यात जायला नको होतं, हे त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरही म्हणाले, घरीच राहू द्या. त्या आठवड्यातल्या एका सकाळी मी वाटी घेऊन खोलीत गेलो आणि मुद्दाम बसलो नाही. खुर्चीजवळ नुसता उभा राहिलो. साडेचार महिने मला जो शब्द ऐकू आला नाही, तो एकदा ऐकायचा होता. शहाण्या माणसाने मरणाऱ्या बापाकडून असली अपेक्षा करू नये, पण मी केली.

बाबांनी डोळे उघडले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग डावा हात चादरीवरून हळूहळू सरकत कडेपर्यंत आला, खुर्चीवर पोचला आणि लाकडावर दोनदा पडला. ठक ठक.

सचिवांच्या शास्त्राप्रमाणे याचा अर्थ, सोडा गाडी. माझ्या मते, बस. दोन्ही अर्थ बरोबर असू शकतात, आणि त्या दिवसापासून मला त्यातला कुठलाच खोडता आलेला नाही. मी बसलो. कामावर फोन केला नाही. दुपारी तीनपर्यंत त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता.